दुधातली साखर

जैवरेणूंचा धडा संयोगितानं सोळा वर्षं शिकवला होता, आणि सोळा वर्षांत एकदाही तो शिकवताना तिचं डोकं ठिकाणावर राहिलं नव्हतं. राजारामपुरीतल्या त्या ज्युनियर कॉलेजात अकरावीच्या एका वर्गात ऐंशी पोरं. विचारलं की उत्तर तयार : सजीवांच्या शरीरातले मुख्य रेणू चार. कर्बोदकं ऊर्जा देतात, प्रथिनं शरीर बांधतात, मेद साठवणीला, आणि न्यूक्लिक आम्लं आनुवंशिक माहितीला. झालं, दोन मार्क खिशात. मग तिनं विचारायचं, "आज सकाळी काय खाऊन आलास?"

"पोहे, मॅडम."

"पोह्यात काय असतं?"

"शेंगदाणे, मॅडम."

असल्या उत्तरांवर ती चिडायची, पण ते चिडणं नोकरीचा भाग होता. घंटा झाली की संपायचं. माहेरच्या माणसांवरचं चिडणं मात्र घंटेला जुमानत नव्हतं.

माहेर कोडोलीचं. धाकटा भाऊ उदयसिंह गोठा बघायचा, चौदा म्हशी आणि चार गाई. आईला घरचे आणि गावातले सगळे आक्काच म्हणायचे, आणि गावात आक्काच्या पुढं कुणी बोलत नसे. उदयसिंहाच्या बायकोला, अनुजाला, लग्नानंतर सहा वर्षांनी मुलगी झाली होती. पोर जन्मली तेव्हा तीन किलोची, चांगली गुटगुटीत. चौथ्या दिवसापासून ती पिवळी पडायला लागली. पाजलं की उलटी करायची आणि मग झोपून राहायची. रडायला हवं तेव्हासुद्धा रडत नव्हती.

"आगं, कावीळ सगळ्याच पोरास्नी हुती," आक्का फोनवर म्हणाली. "कवळ्या उन्हात धरतोय की रोज."

"आणि उलट्या?"

"आईचं दूध बाधलंय. अनुजाचं वांगं बंद केलंय, डाळ बंद केलीया."

"आक्का, वांग्याचा आणि याचा काहीएक संबंध नाही. वजन केलंत का?"

"वजन करायला काय ती गुळाची ढेप हाय?"

संयोगितानं भावाला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, सांजचं दूध घालून येतो की." संध्याकाळी आला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला, एक म्हैस व्यायला झालीय. म्हशीसाठी त्यानं डॉक्टर बोलावला होता, तासाभरात. ते ऐकल्यावर संयोगितानं कॉलेजात अर्ज टाकला, नवऱ्याची गाडी काढली आणि स्वतःच कोडोलीला जाऊन बाळ-बाळंतिणीला उचलून आणलं. आक्का कुणी बोलावलं नसताना मागच्या सीटवर येऊन बसली. पोर त्या दिवशी दहा दिवसांची होती आणि जन्मली त्यापेक्षा तीनशे ग्रॅमनं हलकी झाली होती.

बालरोगतज्ज्ञ सौंदर्या हिरेमठ ही गडहिंग्लजकडची, वयानं लहान, बोलण्यात कानडी हेल. कॉलेजपासून दोन गल्ल्यांवर तिचा दवाखाना. तिनं पोरीला तपासलं तशी तिच्या कपाळावर आठी आली. यकृत सुजलेलं होतं, रक्तात जंतुसंसर्ग होता. तिनं पोरीला निळ्या दिव्याखाली ठेवलं, अँटिबायोटिक सुरू केलं, तोंडानं काही द्यायचं नाही म्हणून सांगितलं आणि ग्लुकोजचं सलाईन लावलं.

दोन दिवसांत पोर सुधारली. हात हलवायला लागली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी असं भोकाड पसरलं की नर्स हसायला लागली. मग डॉक्टरांनी हळूहळू आईचं दूध सुरू करायला सांगितलं. चौथ्या दिवशी दुपारी पोर पुन्हा ओकली आणि संध्याकाळी पुन्हा तशीच मऊ पडली, धुतलेल्या फडक्यासारखी.

त्या संध्याकाळी अनुजा पहिल्यांदा आपणहून बोलली. अगदी हळू, आक्का चहाला खाली गेलेली बघून.

"वन्सं, दूध बंद हुतं तवा ती बरी हुती."

संयोगिता चार दिवस कॉलेज आणि दवाखाना करून दमली होती. तिनं अनुजाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तसं नसतं गं. आईचं दूध कधी बाळाला बाधत नाही. सलाईननं तेवढ्यापुरतं बरं वाटलं असणार. तू असलं काही मनात आणू नकोस."

अनुजानं मान खाली घातली. आक्कानं जे केलं असतं तेच संयोगितानं केलं होतं, फक्त शुद्ध भाषेत. हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि कळल्यावर आपल्याच थोबाडीत मारून घ्यावी असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी अकरावीचं प्रॅक्टिकल होतं. बेनेडिक्टची चाचणी : निळं औषध घ्यायचं, त्यात पदार्थाचे थेंब टाकून उकळायचं, विशिष्ट साखर असली की रंग बदलतो. पोरांनी ग्लुकोज, भाताची पेज, उसाची साखर आणि दूध अशा चार नळ्या लावल्या होत्या. मोना नावाची एक मुलगी होती, वर्गात एकटीच प्रश्न विचारणारी. तिनं दुधाची नळी वर धरली.

"मॅडम, दुधात आम्ही साखर घातलीच नव्हती. तरी केशरी का झालं?"

"दुधात स्वतःची साखर असते. लॅक्टोज. धड्यात आहे ते, वाचलं असतंस तर." संयोगिता वैतागून सांगत होती, मन दवाखान्यात. "आतड्यात तिचे दोन तुकडे होतात, एक ग्लुकोज आणि एक गॅलॅक्टोज. ग्लुकोज लगेच वापरता येतं. गॅलॅक्टोजचं यकृतात ग्लुकोज करावं लागतं. ते काम एन्झाइम करतात."

"एन्झाइम म्हणजे प्रोटीनच ना, मॅडम?"

"हो."

"आणि त्यातलं एखादं नसलंच तर?"

"तर गॅलॅक्टोज साठत जाईल. यकृतात, डोळ्यात, मेंदूत…"

ती थांबली. मोना हातात नळी घेऊन बघत राहिली. संयोगितानं पर्स उचलली, "मामा, वर्ग सांभाळा," असं लॅबचे जुने अटेंडंट बाळासो यांना ओरडून सांगितलं आणि दोन गल्ल्या जवळजवळ पळत ओलांडल्या.

डॉक्टर राउंडवर होत्या. "लघवीत साखर बघितली होती?" संयोगितानं धापा टाकत विचारलं.

"बघितली होती की, मॅडम. काही नव्हती."

"कशानं बघितली?"

"पट्टीनं."

"ती पट्टी फक्त ग्लुकोज ओळखते. दुसरी साखर असली तर तिला दिसायची नाही."

डॉक्टरांनी हातातली फाइल मिटली.  मग स्वतःच म्हणाल्या, "गॅलॅक्टोसेमिया." आणि खाली बघून पुढं म्हणाल्या, "शिकताना वाचलंय. पेशंट एकही बघितला नाही. रक्तात जंतू सापडले, म्हणून मी तिथंच थांबले बघा."

"तिच्या आईनं काल सांगितलं होतं, दूध बंद होतं तेव्हा बरी होती म्हणून. मीच तिला गप्प केलं."

"बेनेडिक्ट करून बघूया. पण आमच्या लॅबमध्ये आता कोण ठेवतंय ते? तुमच्याकडं असंलच की."

दुपारच्या पाजण्यानंतर जमा केलेली लघवीची बाटली रुमालात गुंडाळून संयोगिता परत कॉलेजात आली. प्रॅक्टिकल सुटलं होतं. बाळासो नळ्या धुवत होते.

"बेनेडिक्ट संपलं, मॅडम."

"मघाशी तर होतं!"

"मघाशीच संपलं. पोरं काय पाण्यागत वततात."

"कपाटात एक बाटली आहे. मला माहीत आहे."

"ती बोर्डाच्या परीक्षेला ठेवलीया. बाहेरचा परीक्षक आला आन् न्हाय म्हणून सांगायचं?"

"मामा, परीक्षा फेब्रुवारीत आहे!"

"दरवर्षी तुम्ही असंच म्हणता आन् दरवर्षी फेब्रुवारी येतोय की."

संयोगिताला ओरडायचं होतं, पण रडूच फुटलं. "माझ्या भाचीचं आहे हो. ती मरायला लागलीय तिथं."

बाळासोंनी हातातली नळी ठेवली. किल्ल्यांचा जुडगा काढताना ते तिलाच रागावले, "मग आधी सांगायचं न्हाय व्हय? बडबड काय करत बसलाय!"

दोन नळ्या लावल्या. दोन्हीत निळं औषध, एकीत पाण्याचे आठ थेंब, दुसरीत लघवीचे आठ. उकळत्या पाण्यात दोन्ही शेजारी शेजारी. पाण्याची नळी निळीच राहिली. दुसरी हिरवट झाली, मग पिवळी, आणि तीन-चार मिनिटांत तळाशी विटकरी गाळ बसला.

"लई साखर हाय," बाळासो म्हणाले. तीस वर्षं ते रंग त्यांनी पाहिले होते, त्यांना पुस्तक लागत नव्हतं.

चाचणी बरोबर आली याचा संयोगिताला आनंद झाला, परीक्षेत होतो तसला. पुढच्याच क्षणी आपण कशाचा आनंद मानतोय हे ध्यानात येऊन ती स्टुलावर बसली.

डॉक्टरांनी तासाभरात हुकूम काढला : कुठल्याच जनावराचं दूध नाही, आईचंही नाही. सोयाबीनपासून केलेली बाळांची पावडर सुरू. पक्कं निदान करायला रक्त पुण्याला पाठवलं, पण अहवालाची वाट बघायची नाही.

आणि मग आक्का.

"आईचं दूध तोडायचं? आन् घालायचं काय तर सोयाबीन? आगं, सोयाबीनची पेंड आपण म्हशीला घालतोय!"

"ही पेंड नाही, आक्का."

"अख्ख्या गल्लीला दूध घालणारं घर आपलं, आन् आपल्या पोरीला भुकटी? तू शिकलीस, पर शानी न्हाय झालीस."

उदयसिंह दाराशी उभा होता, गोठ्यावरून तसाच आलेला. तो म्हणाला, "ताई, आपल्या दुधाला सातचा फॅट लागतोय. असलं दूध बाधंल कसं?"

संयोगिताच्या डोक्यात सणक गेली. तरी तिनं आवाज खाली ठेवला, कारण पोर नुकती झोपली होती. "फॅटचं नाही रे बाबा. फॅट म्हणजे मेद, तो तिला पचतोय. तो तर हवाच, मेंदू वाढायचा तर मेद लागतो. फॅट आणि पाणी सोडून जे उरतं, तो एसएनएफ किती लागतो तुझ्या दुधाला?"

"नऊ."

"त्या नऊमध्ये काय असतं?"

 वीस वर्षं सकाळ-संध्याकाळ तो आकडा उदयसिंहानं मशीनवर बघितला होता, त्यात काय असतं हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"प्रथिनं, थोडे क्षार, आणि निम्मी साखर. दुधाची साखर. आपण ती पचवतो, कारण पचवणारं एक प्रथिन आपल्या अंगात तयार होतं. तिच्या अंगात ते होत नाही. म्हणून तिला ती साखर विषासारखी. आईच्या दुधात तर ती म्हशीच्या दुधापेक्षा जास्त असते. या पावडरीत मेद आहे, प्रथिनं आहेत, साखरही आहे, फक्त ती साखर नाही."

उदयसिंहानं मान हलवली. त्याला कळलं की दमून हलवली, सांगता येत नव्हतं. आक्का भिंतीकडं तोंड करून बसली.

तीन दिवसांत पोर पुन्हा तरतरीत झाली. चौथ्या दिवशी संयोगिता कॉलेज सुटल्यावर खोलीत शिरली, तर अनुजा नुकतीच न्हाणीघरातून बाहेर येत होती आणि आक्का पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी वाटी. हातात कापसाचा बोळा, दुधात भिजवलेला.

"आक्का!"

"चारच थेंब घातलं. घरच्या गाईचं हाय. चार थेंबानं काय हुतंय? नुसती सुकत चाललीया पोर—"

"सुकत नाही, वाढतीय! रोज वजन लिहितात ते कशाला? किती वेळा सांगायचं? कुठल्या भाषेत सांगायचं?" संयोगिता इतक्या मोठ्यानं ओरडली की शेजारच्या खोलीतली माणसं दारात आली. "अकरावीची पोरं बरी तुझ्यापेक्षा! ती निदान पाठ तरी करतात!"

आक्काही ओरडली. ती तिची आई होती, तिनं दोन पोरं वाढवली होती, आणि कोडोलीत आजवर कुणाचं पोर दुधानं मेलं नव्हतं.

या गोंधळात अनुजा पुढं आली. तिनं आक्काच्या हातातून आधी पोर घेतली आणि संयोगिताकडं दिली. मग वाटी उचलली, बेसिनपाशी गेली आणि दूध ओतलं. बोळा कचऱ्यात टाकला. नळ सोडून वाटी धुतली. सगळं सावकाश.

"आक्का," ती वळून म्हणाली, "चार दिस झालं, माझं दूध मी पिळून हितंच वततीया. दिवसातनं पाच येळा. पदर भिजतोय, अंग ठणकतंय, पर वततीया. तुमचं चार थेंबच गेलं न्हवं?"

 आक्कानं तिच्याकडं बघितलं, मग बेसिनकडं. सहा वर्षांत सुनेनं तिला असं उत्तर दिलं नव्हतं. आक्का उठली, अनुजाच्या अंगावरून खाली आलेला पदर तिनं वर सारला आणि म्हणाली, "मला सांगायचं तरी. मेथीची भाजी तरी बंद केली असती, दूध वाढवणारी."

संयोगिताला हसावं की डोकं आपटावं कळेना. दहा दिवस बाळंतिणीला दूध यावं म्हणून आक्का घरनं मेथीचे डबे मागवत होती, दूध बंद झाल्यावरही.

आठवड्याभरानं पुण्याचा अहवाल आला. ते एन्झाइम जवळजवळ नव्हतंच. डॉक्टर सौंदर्यांनी सगळ्यांना बसवून सांगितलं : पोर वाचली आहे, पण दुधाचं आयुष्यभर पथ्य. डोळ्यांत किंचित मोतीबिंदू दिसतोय, तो पथ्यानं निवळण्यासारखा आहे. बोलणं आणि शिकणं यांत पुढं अडचण येऊ शकते, लक्ष ठेवायचं, तपासणी चुकवायची नाही.

गाडीत बसताच आक्का म्हणाली, "आमच्यात असलं कुणाला न्हवतं. हिच्या माहेरचं आसंल."

संयोगितानं स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळलं. "आक्का, एन्झाइम कसं करायचं हे डीएनएत लिहिलेलं असतं. प्रत्येकाकडं त्याच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एक चुकीची असली तरी दुसरीवर भागतं. दोन्ही चुकल्या तरच असं होतं. म्हणजे एक चूक अनुजाकडून आणि एक उदयसिंहाकडून. याच्याकडं ती तुझ्याकडून तरी आली असेल, नाहीतर आबांकडून."

"माझ्याकडनं?"

मागच्या सीटवर उदयसिंह विचार करत होता. "म्हंजे ताई, रेड्याचं बी आन् म्हशीचं बी, दोन्ही बघाय लागतंय तसं."

"हो. अगदी तसं."

"मग आक्का, निम्मं आपलंच की." गेल्या तीन आठवड्यांत त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलं कामाचं वाक्य होतं. अनुजा खिडकीबाहेर बघत होती, पण तिचा हात त्याच्या हाताखाली होता.

बारसं दीड महिना उशिरा झालं. नाव अनुजानं ठेवलं, राजनंदिनी, आणि त्याला कुणी फाटे फोडले नाहीत. अंगणात मांडव, भावकीतल्या चाळीसेक बायका. पाळणा झाला तशी चिमणाबाई, आक्काची थोरली जाऊ, बोटावर मध आणि लोणी घेऊन पोरीच्या तोंडाशी आली. संयोगिता उठेपर्यंत आक्कानं तिचं मनगट पकडलं होतं.

"हात माघारी घे! तिला दुधाचं काय बी चालत न्हाय. मध बी न्हाय, डॉक्टरनं सांगितलंय."

"आगं, लोण्यानं काय हुतंय? बोटभर तर हाय."

"थेंबभर बी न्हाय! तिच्या रक्तातलं प्रोटीन गेलंय. डीएनए जास्त झालाय तिला."

"आरं देवा," चिमणाबाई म्हणाली. "किती झालाय?"

"आक्का!" संयोगिता पुढं आली. "डीएनए जास्त होत नसतो! तो सगळ्यांच्यात असतो, तुमच्यात, माझ्यात, म्हशीत. त्यात जे लिहिलेलं असतं—"

"तू गप. मला ठावं हाय सगळं," आक्का म्हणाली आणि बायकांकडं वळली. "लघवी उकळली की लाल हुती तिची. माझ्या लेकीनं उकळून काढलंय हे. मोठ्ठ्या डॉक्टरला जमलं न्हवतं."

बायकांनी संयोगिताकडं आदरानं बघितलं. हीच संधी म्हणून तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. दुधात साखर असते, तिचे दोन तुकडे होतात, त्यातला एक या पोरीला वापरता येत नाही. बायका शांतपणे ऐकत होत्या. तिला वाटलं, कळतंय यांना.

"मग म्हशीचं न्हाय तर शेळीचं चालंल की," एकजण म्हणाली.

"नाही चालणार. शेळीच्या दुधातही तीच साखर."

"गाढविणीचं? माझ्या नातवाला गाढविणीचं पाजलं, खोकलाच गेला त्याचा."

"कुठल्याच जनावराचं नाही हो! जे जे दूध देतं त्या सगळ्यांच्या…"

"साखर न घालता दिलं तर?" चिमणाबाईनं विचारलं.

संयोगितानं डोळे मिटले. पाठीमागून कुणीतरी खुदकन हसलं. तिनं वळून बघितलं. पाळण्याशेजारी अनुजा बाटलीनं पोरीला पाजत बसली होती आणि तोंडाला पदर लावून हसत होती, खांदे हलेपर्यंत. पोर बाटली सोडायला तयार नव्हती.

"साखर न घालताही नाही," संयोगिता म्हणाली आणि खुर्ची ओढून चिमणाबाईच्या समोर बसली. "बसा. पुन्हा सांगते."